पिकअपला नवे पाटे आणि शॉकअप घालण्याआधी गाडी वजनकाट्यावर न्या

वाळपईच्या एका बागायतदारांनी विचारलंय: "2018 ची इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस जुन्या बाजारातून घेतली. आठवड्यातून दोनदा कुळागरातले नारळ आणि सुपारी म्हापशाच्या बाजारात नेतो, बाकी दिवस घरची माणसं, आणि महिन्यातून एकदा चोर्ला घाटाने बेळगाव. हौद्यात माल टाकला की गाडी मागून बसते. रिकामी असली की इतकी उडते की आई मागच्या सीटवर बसायला तयार नाही. दुकानदाराने तीन इंचाचं लिफ्ट किट (गाडी उंच करणारं सामान), मागे एअर बॅग (पाट्याच्या मदतीला हवेची पिशवी) आणि चारही मोनोट्यूब (एकाच नळीचे) शॉकअप असं सव्वा लाखाचं काम सुचवलंय. घ्यावं का?"

आत्ता घेऊ नका. सव्वा लाख ही मोठी रक्कम आहे आणि तुमची जी अडचण आहे तिच्यासाठी यातली निम्मी वस्तू लागणारच नाही. उरलेली निम्मी चुकीची बसली तर गाडी आजच्यापेक्षा वाईट चालेल. फोंड्यात पाटे आणि सस्पेन्शनचं काम करताना मला आता 24 वर्षं होतील, आणि या प्रकारचं किट काढून परत मूळचे पाटे घालून द्यायचं काम माझ्याकडे दर पावसाळ्यानंतर येतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा एक गोष्ट डोक्यात पक्की करा. वजन पाटा (पोलादी पट्ट्या एकावर एक बांधून केलेली मागची स्प्रिंग) किंवा गोल स्प्रिंग उचलते. शॉकअप वजन उचलत नाही, तो फक्त स्प्रिंगची हालचाल आवरतो. गाडी मागून बसते ही पाट्याची तक्रार आहे. खड्ड्यातून निघाल्यावर दोन-तीन वेळा झुलत राहते ही शॉकअपची तक्रार आहे. आणि रिकामी असताना दगडासारखी आपटते ही बऱ्याचदा टायरमधल्या हवेची किंवा गंजलेल्या पाट्यांची तक्रार असते. या तिन्हींचं औषध वेगवेगळं आहे, आणि दुकानात तिन्हींना एकच डबा दाखवला जातो.

तुम्ही रिकाम्या गाडीत हवा किती ठेवता? माल नेणारे बहुतेक लोक एकदा भरतात आणि आठवडाभर तेवढीच ठेवतात. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे पाहा. रिकामी असताना रिकाम्याचा आकडा ठेवून आईला एकदा साखळीपर्यंत फिरवून आणा. याला एक रुपया लागत नाही आणि निम्म्या गाड्या इथेच सुधारतात.

आता वजनकाटा. खनिज वाहतुकीमुळे आपल्याकडे वजनकाट्यांना तोटा नाही, जवळचा कुठलाही चालेल. गाडी तीनदा तोलायची: रोज जशी असते तशी रिकामी, मग नेहमीचा माल भरून, मग वर्षातला सगळ्यात जड फेरा असेल तसा. प्रत्येक वेळी आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून. पूर्ण वजनातून पुढचं वजा केलं की मागच्या आसावरचं (एक्सलवरचं) कळतं. काटेवाला थोडा कुरकुरतो, त्याला समजावून सांगा. पावत्या जपून ठेवा आणि आरसीवर लिहिलेल्या एकूण वजनाशी ताडून पाहा.

हे इतकं का सांगतोय? कारण माणसाचा अंदाज चुकतो, आणि तो कायम कमी बाजूला चुकतो. पाचशे सोललेले नारळ म्हणजे तीन क्विंटलच्या आसपास. त्यावर हौद्याची लोखंडी जाळी, ताडपत्री, दोरखंड, जादाचं चाक, अवजारांची पेटी. गेल्या वर्षी एक गिऱ्हाईक "कधीकधी दोनशे किलो नेतो" म्हणून आलं. काट्यावर चढवली तर मालाशिवायच मागे दीडशे किलो कायमचं निघालं: फायबरचं झाकण, लोखंडी कॅरिअर, आणि हौद्यात वर्षभर पडून राहिलेले चिरे. आधी चिरे उतरवले.

वजन कुठे ठेवलंय तेही पाहा. व्ही-क्रॉसच्या दोन आसांमधलं अंतर 3095 मिमी आहे. मागच्या आसाच्या एक मीटर मागे, म्हणजे फळीजवळ, 100 किलो ठेवलं तर मागच्या आसावर 132 किलो पडतं आणि पुढच्या आसावरून 32 किलो उचललं जातं. पुढची चाकं हलकी झाली की घाटात स्टिअरिंग हलकं लागतं आणि ओल्या रस्त्यावर वळणात गाडी बाहेर सरकते. डबल कॅबचा हौदा मुळातच मागे असतो. म्हणून जड पोती केबिनला चिकटवून आणि हलकी सुपारी मागे, एवढ्यानेही गाडी कमी बसेल.

काट्यावरून आल्यावर सपाट जागी टेप घ्या. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत सरळ वर माप घ्या, चारही चाकांचं, रिकामी आणि भरलेली. जमिनीपासून मोजू नका, कारण त्यात टायरची झीज आणि हवा मिसळते. ही आठ मापं वहीत लिहून ठेवा. डावी-उजवीत 10 मिमीच्या वर फरक असेल तर एका बाजूचा पाटा बसलाय किंवा तुटलाय, आणि तिथे कुठलंही किट घालण्याआधी तो शोधायला हवा.

मग गाडीखाली जा. जुन्यातली गाडी, त्यात आपला पाऊस. वर्षाला साधारण 3000 मिमी पडतो आणि सत्तरीत त्याहून जास्त. दिवाडी-चोडणच्या फेरीबोटीने जाणाऱ्यांना खारं पाणी वेगळं. टॉर्च घेऊन पाट्यांच्या टोकाशी पाहा. दोन पाट्यांच्या मधून तांबडी भुकटी गळताना दिसेल. आत गंजाची पापडी धरलेली असते, ती फुगून पाटे एकमेकांपासून ढकलते आणि घर्षण इतकं वाढवते की लहान खड्ड्यात पाटा सरकतच नाही. सगळा दणका सरळ चॅसिसला. लोक म्हणतात पाटे कडक आहेत, खरं तर ते जाम झालेले असतात. असा संच मी खोलतो, तारेच्या ब्रशने प्रत्येक पाटा पांढरा करतो, चीर गेलीय का ते बोटाने चाचपतो, टोकांच्या प्लास्टिकच्या चकत्या बदलतो, ग्रॅफाइट ग्रीस लावून परत बांधतो. नवे सेंटर बोल्ट आणि पाटा आसाला बांधणारे नवे यू-बोल्ट घालायचेच. जुना यू-बोल्ट एकदा ताणलेला असतो, तो परत आवळला की पकड सोडतो. तुमच्या गाडीचं "उडणं" मला या कामातच निम्मं जाईल असं वाटतं. बाकीचं शॉकअप तपासल्यावर कळेल: अंगावर तेलाचा ओला पट्टा, रबर फाटलेलं, किंवा काढून हाताने दाबला तर मध्येच पोकळ लागणारा टप्पा. सहा-सात वर्षांचे मूळचे शॉकअप असतील तर ते बहुधा गेलेलेच असतात.

एवढं करून भरलेली गाडी अजून बसत असेल, तर पाटे बदलायचा विचार रास्त आहे. इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून नीट सांगतो.

पाट्याची कमान आणि पाट्याचा कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कमान वाढवली की गाडी उंच बसते. पण प्रत्येक किलोमागे पाटा किती दबेल हे पाट्यांची जाडी, लांबी आणि संख्या ठरवते. जाडीचा परिणाम घनाने वाढतो: 7 मिमीचा पाटा काढून तेवढ्याच लांबी-रुंदीचा 8 मिमीचा घातला तर तो जवळजवळ दीडपट कडक होतो. एका मिलिमीटरने! सारख्या जाडीच्या चार पाट्यांत पाचवा पूर्ण लांबीचा घातला तर सुमारे पाव हिश्शाने वाढ. म्हणून "एक पाटा वाढवून द्या" म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो, किती लांबीचा, किती जाडीचा आणि मागे वजन किती? या तिन्हींची उत्तरं नसतील तर तो पाटा अंदाजाने घातला जाईल आणि रिकाम्या गाडीत घरच्यांच्या पाठीला कळेल.

पाटे भट्टीत तापवून हातोड्याने कमान चढवून देणारे आपल्याकडे अजून आहेत. काही जण ते काम फार चांगलं जाणतात. पण तापवल्यावर तेलात विझवून परत योग्य उष्णतेवर पाणी उतरवलं (टेंपर केलं) नाही, तर पाट्याचा ताव जातो. गाडी दोन महिने उंच दिसते आणि मग पूर्वीपेक्षा खाली बसते. विझवून नुसता सोडला तर ठिसूळ होतो आणि तुटतो. हे काम करून घ्यायचंच असेल तर समोर उभं राहून पाहा, आणि मुख्य पाट्याला, ज्याच्या टोकाला डोळा असतो, त्याला भट्टी लावू देऊ नका.

तयार संच घ्यायचा असेल तर ओल्ड मॅन एमू, आयर्नमॅन, टफ डॉग, प्रोफेंडर ही नावं व्ही-क्रॉस आणि हायलक्सवाल्यांच्या तोंडी आहेत. बहुतेक ऑस्ट्रेलियाच्या, प्रोफेंडर थायलंडची. त्यांच्या कॅटलॉगमध्ये एकाच गाडीला तीन-चार वेगळे मागचे पाटे असतात आणि प्रत्येकापुढे "कायमचं वजन" किती ते लिहिलेलं असतं. कायमचं म्हणजे रोज, रिकाम्या फेऱ्यातही गाडीवर असणारं वजन. वर्षातून चार वेळा नेता ते नव्हे. कायमचं 300 किलोचा पाटा तुमच्यासारख्या गाडीत घातला तर नारळ उतरवल्यावर तीच गाडी पाळण्याऐवजी खाटेसारखी चालेल. तुमच्या काट्याच्या पावतीत झाकण-जाळी धरून कायमचं वजन शंभर-दीडशेच्या आत आलं, आणि माल आठवड्यातून दोनदाच असला, तर हलक्या ते मध्यम दर्जाचा पाटा घ्या. माल चढल्यावर खालचा जाड मदतनीस पाटा टेकून भार घेतो, ते काम त्याला करू द्या. दुकानदार तुम्हाला गाडीचं मॉडेल विचारून पाटा देत असेल आणि वजन विचारत नसेल, तर दुसरं दुकान बघा.

तीन इंच लिफ्टला माझा स्पष्ट नकार. व्ही-क्रॉसला पुढे डबल विशबोन आणि कॉइल स्प्रिंग आहे, तिथे उंची वाढवली की आर्म खाली झुकतात, चार चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढच्या ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटचा कोन वाढतो, रबरी बूट फाटतो, आणि लाल धूळ आत गेली की जॉइंट संपला. वरच्या आर्मचा बॉल जॉइंट शेवटापर्यंत ताणला जातो. कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो, मग वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही आणि हमरस्त्यावर गाडी भटकते. पुढे 40 मिमीपर्यंत हे सगळं अलाइनमेंटमध्ये सावरता येतं. त्यापुढे वरचे आर्म बदलावे लागतात, आणखीही कामं निघतात, खर्च वाढतच जातो. पुढच्या शॉकअपभोवतीच्या स्प्रिंगवर चकती ठेवून उंची वाढवणाऱ्यांपासून सावध राहा: चकती 10 मिमीची असली तरी आर्मच्या तरफेमुळे चाकापाशी जवळपास दुप्पट उंची वाढते, आणि शॉकअपची खाली उघडण्याची जागा तेवढीच कमी होते. प्रत्येक गतिरोधकानंतर पुढून "ठक" असा आवाज येतो तो हाच. मागे आस आणि पाट्याच्या मध्ये ठोकळे घालून उंची वाढवण्याचीही पद्धत आहे. जोर लावताना आस पिळतो, यू-बोल्ट सैल होतात. मी ते काम घेत नाही.

आणि तुम्हाला उंची हवीच कशाला? वाळपईच्या बागेच्या रस्त्यावर मूळ गाडी चालते. फेरीबोटीच्या उतारावर ओहोटीला मागचा बंपर घासतो म्हणून कुणी उंची मागतो, तर मी आधी मागचा टो-बारचा हुक काढायला सांगतो. घासतो तो बहुधा तोच.

एअर बॅगबद्दल माझं मत ठाम आहे. पाटा आपलं वजन चॅसिसला दोन टोकांना देतो, पुढच्या ब्रॅकेटला आणि मागच्या शॅकलला (झुलत्या दुव्याला). एअर बॅग तेच वजन आसाच्या वर एका ठिकाणी दाबते. मागे जड माल, फळीजवळ लोंबकळणारं वजन, आणि केबिनच्या मागे चॅसिसला पडणारा वाक, यातून चॅसिस वाकल्याच्या तक्रारी ऑस्ट्रेलियात डबल कॅब पिकअपवाल्यांना चांगल्याच माहीत आहेत. बॅगेत हवा भरली की गाडी मागून सरळ दिसते. माणसाला वाटतं, आता वजन चालतंय. चॅसिसला, ब्रेकला, टायरला आणि आसाच्या बेअरिंगला ते वजन तेवढंच असतं. आरसीवरचा आकडा कुठल्याही स्प्रिंगने वाढत नाही. ट्रेलर ओढणाऱ्याला, ज्याचं वजन दर फेरीला बदलतं, त्याला बॅगेचा उपयोग आहे. तुम्हाला नाही.

शॉकअपमध्ये मोनोट्यूब चांगला असतो, तो तापला तरी ताकद टिकवतो. पण त्याचा पिस्टन बाहेरच्या नळीच्या आतल्या अंगालाच घासून चालतो. चिऱ्यांच्या रस्त्यावर उडालेल्या दगडाने नळीला पोचा पडला की पिस्टन तिथे अडकतो. ट्विन-ट्यूबला बाहेरची नळी वेगळी असते, ती पोचा सोसते. आपल्या रस्त्यांवर तुमच्या वापराला नायट्रोजन भरलेला चांगला ट्विन-ट्यूब पुरतो, आणि पैसे वाचतात. नव्या पाट्याच्या कडकपणाला जुळणारा घ्या, शक्यतो त्याच कंपनीचा. उघडलेली आणि दाबलेली लांबी मूळच्याशी ताडून पाहा. बुश (सांध्यांतली नळकांडी) रबराचेच ठेवा. पॉलीयुरेथेनचे टिकतात, पण लाल धूळ गेली की किरकिरतात आणि दर काही महिन्यांनी ग्रीस मागतात.

बसवताना एक गोष्ट गॅरेजवाल्याला आधी सांगा, कारण घाईत ती सुटते: पाट्याच्या डोळ्यांचे आणि आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटचे आवळायचे नाहीत. गाडी चारही चाकांवर उतरवून, एकदा पुढे-मागे हलवून, मग आवळायचे. रबर नळीला चिकटलेलं असतं. हवेत आवळलं तर गाडी खाली आल्यावर ते कायम पिळलेलं राहतं आणि वर्षात फाटतं.

आता माझी एक चूक. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका भाजीवाल्याच्या पिकअपला मी मागे दोन पाटे वाढवून दिले. गाडी मागून साठेक मिमी उंच झाली, तो खूश. त्या गाडीला मागच्या आसाशी सळीने जोडलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह होता, जो गाडी किती बसलीय त्यावरून मागच्या ब्रेकचा दाब ठरवतो. मी सळी परत लावली, पण नव्या उंचीला जुळवली नाही. व्हॉल्व्हला वाटत राहिलं की गाडी रिकामी आहे. पावसात भरलेली गाडी चोर्ल्यावरून उतरताना मागचे ब्रेक अर्धवटच लागले, पुढची चाकं लॉक झाली आणि गाडी सरळ घसरत जाऊन कडेच्या गटारात अडकली. माणसाला काही झालं नाही. गटार दरीच्या बाजूला नव्हतं, एवढंच. त्या दिवसापासून पाट्याला हात लावला की मी आधी तो व्हॉल्व्ह शोधतो, असेल तर सळी जुळवतो, आणि भरलेल्या गाडीने ब्रेक लावून पाहिल्याशिवाय चावी परत देत नाही. तुमच्या गॅरेजवाल्यालाही हे विचारा. ब्रेकचा रबरी पाइप पूर्ण उघडलेल्या चाकाला ताणत नाही ना, तेही.

कायद्याचं थोडक्यात: मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणीतल्या तपशिलांशी न जुळणारे बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच ठामपणे सांगितलं. नियमबाह्य बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मूळ उंचीच्या जवळपासचे पाटे आणि शॉकअप बदलणं हे झीज झालेला भाग बदलण्यासारखं आहे, उंच लिफ्टचं तसं नाही. अपघातानंतर विमावाला याच गोष्टी पाहतो. काम मोठं असेल तर वाहतूक खात्यात आधी विचारा. पुढे लोखंडी बुल-बार लावायचं मनात असेल तर तेही सोडा: डिसेंबर 2017 पासून केंद्राने त्यावर कारवाई करायला सांगितलंय, आणि त्याचं वजन पुढच्या स्प्रिंगवर कायमचं बसतं.

बोलेरो पिकअपवर बेळगावची भाजी आणणाऱ्यांसाठी एक वाक्य: ती गाडी 1.3, 1.5 आणि 1.7 टनांची वेगवेगळी मिळते. माल रोजच जास्त असेल तर पाटे वाढवण्यापेक्षा वरच्या टनाची गाडी घ्या. जादा वजनाला 20,000 रुपये दंड आणि वर प्रत्येक टनाला 2000 आहे.

तर तुमच्यासाठी क्रम असा: हवा, काटा, मापं, पाट्यांची सफाई, आणि गेले असतील तर शॉकअप. पंधरा दिवस चालवा. तरी बसत असेल तर मध्यम दर्जाचे मागचे पाटे, नवे यू-बोल्ट, पुढची उंची मूळचीच किंवा फार तर 25 मिमी वर, अलाइनमेंट, आणि हेडलाइटचा कोन खाली घेणं. शेवटचं विसरू नका, चोर्ल्यावर समोरून येणाऱ्याला उंच झालेल्या गाडीचा झोत थेट डोळ्यांत जातो. 500 किलोमीटरनंतर यू-बोल्ट परत आवळून घ्या, आणि तीच आठ मापं परत घेऊन वहीत जुन्याशेजारी लिहा.

काट्याच्या पावत्या आणि ती मापं मला पाठवा. मूळच्या पाट्यांची संख्या आणि प्रत्येकाची जाडीही मोजून लिहा, टोकाशी कॅलिपर लावला की कळते. मग कुठल्या वजनाचा पाटा मागवायचा ते मी आकड्यासकट सांगेन.